‘पिकू द्या, मग बघू’: उतारवयातल्या डोळ्यांच्या आजारांची पार्श्वभूमी

मोतीबिंदू आहे असं कळलं की घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, ‘एवढ्यात कशाला ऑपरेशन? पिकू द्या, मग बघू.’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि एके काळी तो योग्यही होता. ज्या शस्त्रक्रियेसाठी तो नियम होता ती केव्हाच मागे पडली, नियम मात्र राहिला. उतारवयातल्या डोळ्यांच्या आजारांचा इतिहास पाहिला की हे वारंवार दिसतं. उपचार पुढे जातात, समजुती एक-दोन पिढ्या मागे रेंगाळतात आणि त्या अंतरात माणसांची नजर जाते.

यातलं सगळ्यात जुनं ऑपरेशन मोतीबिंदूचंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचं तपशीलवार वर्णन आहे. रुग्णाला नाकाच्या टोकाकडे पाहायला सांगायचं, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जवाच्या टोकासारखी शलाका आत घालायची, मग तुपात भिजवलेला कापूस ठेवून पट्टी बांधायची. नंतर रुग्णानं उताणं पडून राहायचं. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणं सगळं टाळायचं. या पद्धतीत, आणि पुढे शेकडो वर्षं जगभर चाललेल्या तिच्या भावंडांमध्ये, गढूळ भिंग बाहेर काढत नसत. ते ढकलून डोळ्याच्या आत खाली पाडत. प्रकाशाची वाट मोकळी झाली की रुग्णाला हालचाल, माणसांच्या आकृती, दाराची चौकट दिसू लागे. भिंगच जागेवर नसल्यामुळे स्पष्ट काही दिसत नसे, आणि पुष्कळांचा डोळा पुढे जंतुसंसर्गानं किंवा दाब वाढून निकामी होई.

हे सगळं चालू असताना मोतीबिंदू म्हणजे नेमकं काय, हेच माहीत नव्हतं. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून असा समज होता की दृष्टीचं स्थान भिंगातच आहे, आणि मोतीबिंदू म्हणजे भिंगापुढे साचलेला घट्ट द्रव. 1604 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उमटते हे मांडलं, तरी शस्त्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत ते पोचायला शंभर वर्षं गेली. 1705 मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरनं एका मृत सैनिकाच्या डोळ्यावर हीच शलाकेची क्रिया केली आणि मग डोळा उघडून पाहिला. खाली पडलेली वस्तू म्हणजे गढूळ झालेलं भिंगच होतं. त्यावर बराच वाद झाला. पण एकदा ते मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न उघड होता: भिंगच खराब असेल तर ते बाहेर का काढू नये? 1747 मध्ये जाक दाव्हिएलनं पॅरिसमध्ये बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाच्या, कडेला छेद देऊन ते बाहेर काढलं.

हे भूल न देता होत असे, हे लक्षात घ्यायला हवं. डोळा बधिर करण्याचा मार्ग 1884 मध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरला कोकेनच्या थेंबांत सापडला. त्याआधी म्हातारी माणसं शुद्धीवर असताना डोळ्यात सुरी घेत. त्यानंतरही छेद मोठा असे, टाके नीट घालता येत नसत, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रुग्णाला दिवसचे दिवस हलू देत नसत. चित्रकार क्लोद मोने यानं ऑपरेशनची भीती बाळगून अनेक वर्षं चालढकल केली, रंगांच्या नळ्यांवरची नावं वाचून काम चालवलं आणि शेवटी 1923 मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नंतर दिसणारे रंग पाहून तो संतापला होता.

‘पिकू द्या’ हा नियम याच काळातला. अर्धवट गढूळ भिंगाचा मऊ, चिकट भाग काढताना आत राहून जाई आणि डोळा सुजे. पूर्ण पिकलेलं भिंग त्या मानानं सुटं निघे. दुसरं कारण ऑपरेशननंतरच्या चष्म्याचं. भिंग काढल्यावर दहा-बारा नंबरचा जाड, जड चष्मा लागे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीनं मोठ्या आणि जवळ दिसत, कडेचं दिसत नसे, पाण्याचा पेला धरायला गेलं की हात अलीकडेच थांबे. असं दिसणं पत्करायचं तर आधीची नजर त्याहून वाईट झालेली हवी. म्हणून थांबायचं. त्या काळात हा हिशेब बरोबरच होता.

तो बदलला दोन माणसांमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा पर्स्पेक्स या प्लॅस्टिकच्या होत्या. गोळ्यांनी फुटलेल्या अशा काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तेव्हा लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे कण डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा फारसा चिडत नाही. मग त्याच पदार्थाचं भिंग करून का बसवू नये? 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी तसं ऑपरेशन केलं. समव्यवसायी खवळले. डोळ्यातून वस्तू काढायची हे शिकलेल्या लोकांना डोळ्यात वस्तू घालणं अघोरी वाटलं, आणि सुरुवातीच्या भिंगांनी त्रासही दिला. रिडलींना मान मिळायला अर्धं शतक जावं लागलं. 2000 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तोवर त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंगं बसवली गेली होती.

दुसरे अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना ध्वनिलहरींनी कंप पावणाऱ्या टोकानं दात साफ होताना त्यांनी पाहिलं, आणि हीच युक्ती भिंगाचा भुगा करून तो शोषून घ्यायला वापरता येईल असं त्यांना सुचलं. 1967 मध्ये सुरू झालेली ही पद्धत म्हणजे आजचं ‘फेको’. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, टाका बहुधा लागतच नाही, घडी घातलेलं भिंग त्याच छेदातून आत जाऊन उलगडतं. या पद्धतीत नियम नेमका उलटा होतो. भिंग जितकं जास्त पिकलेलं तितकं ते टणक, ते फोडायला ताकद जास्त आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला इजा होण्याची शक्यताही जास्त. अति पिकलेलं भिंग फुगून किंवा झिरपून डोळ्याचा दाब अचानक वाढवू शकतं. म्हणून आजचा प्रश्न मोतीबिंदू किती पिकला हा नाही. वाचन, रात्रीचं चालणं, जिना उतरणं, माणूस ओळखणं यांत अडचण येऊ लागली का, हा आहे. तशी अडचण नसेल तर घाई करण्याचंही कारण नाही. भिंग बसवल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसलं की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. भिंग ज्या पिशवीत बसवतात तिची मागची बाजू धुरकटते आणि लेसरनं काही मिनिटांत मोकळी करता येते.

चाळिशीची गोष्ट त्या मानानं सुखाची. 1286 च्या सुमारास इटलीत चष्मा तयार झाला तो जवळचं न दिसणाऱ्या प्रौढांसाठीच. लांबचं न दिसणाऱ्यांना अंतर्वक्र काचा मिळायला पुढे दीडेकशे वर्षं गेली. चष्म्याचं सर्वांत जुनं चित्र त्रेव्हीझो इथल्या 1352 च्या भित्तिचित्रात आहे. डोळा जवळचं कसं पाहतो याचा उलगडा 1801 मध्ये टॉमस यंगनं स्वतःच्या डोळ्यावर केला: पाण्यानं भरलेलं भिंग डोळ्याला लावून त्यानं बुबुळाचा वाटा काढून टाकला, तरी जवळ-लांब पाहण्याची ताकद टिकून होती. म्हणजे बदल आतल्या भिंगात होतो. तेच वयानुसार ताठर होतं. चष्मा लावल्यानं ते आणखी बिघडत नाही आणि न लावल्यानं सुधारत नाही. एक सावधगिरी हवी: दुहेरी काचेच्या चष्म्याचा खालचा भाग वाचनाचा असतो, त्यातून जिन्याच्या पायऱ्या धूसर दिसतात. ज्यांचा तोल जातो त्यांनी चालायला लांबचा चष्मा वेगळा ठेवलेला बरा.

मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते. काचबिंदूत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होण्याच्या आजारात, ती येत नाही, आणि नावं इतकी सारखी असल्यामुळे हा फरक लोकांपर्यंत पोचत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते. कारण इथे थांबणं म्हणजे नजर गमावणं. 1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण प्रसिद्ध केलं आणि प्रथमच जिवंत माणसाच्या डोळ्यातली नस दिसू लागली. काचबिंदूच्या रुग्णांत नसेचं टोक वेगळं दिसतं हे लगेच कळलं, पण एका डोळ्यानं पाहताना खोली समजत नसल्यानं पहिल्या निरीक्षकांना तो खड्डा फुगवटा वाटला. काही वर्षांतच चूक सुधारली. 1857 मध्ये बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रॅफेनं बाहुलीभोवतीच्या रंगीत पटलाचा तुकडा कापून अचानक चढणाऱ्या दाबावर पहिला खरा उपाय दाखवला. हा प्रकार आजही तातडीचा आहे. डोळा लाल, असह्य डोकेदुखी, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या. उलट्यांमुळे पोटाचा विकार समजून वेळ जातो. आता ते छिद्र लेसरनं पाडतात.

दुसरा प्रकार गुपचूप चालतो. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं वाचता येतं, आणि कडेची नजर कमी होत असताना दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो. त्यासाठी विसाव्या शतकात दाब मोजण्याची भरवशाची साधनं आली, पारदाच्या 21 मिलिमीटरची रेषा ठरली आणि ‘प्रेशर नॉर्मल आहे’ म्हणजे सगळं ठीक असं समीकरण झालं. तेही अपुरं आहे. कित्येकांना दाब रेषेखाली असूनही काचबिंदू होतो, तर रेषेच्या वर दाब असलेल्या अनेकांना होत नाही. म्हणून नस पाहणं आणि दृष्टिक्षेत्र तपासणं हवंच. दाब उतरवून उपयोग होतो का, यावर बराच काळ खात्रीचा पुरावा नव्हता. 2002 च्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दाब जास्त पण नस शाबूत असलेल्या लोकांना थेंब दिले, तेव्हा पाच वर्षांत काचबिंदू होण्याचं प्रमाण 9.5 टक्क्यांवरून 4.4 टक्क्यांवर आलं.

थेंब घालण्याचं तंत्र कोणी नीट शिकवत नाही, म्हणून इथे लिहितो. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं थांबायचं. नाहीतर औषध नाकावाटे रक्तात जातं. 1978 पासून वापरात असलेल्या टिमोलॉल या काचबिंदूवरच्या थेंबांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण त्यानं दम्याचा त्रास वाढू शकतो आणि नाडी मंदावू शकते. दमा असेल तर डॉक्टरला आधीच सांगावं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. आणि डोळे खाजतात म्हणून घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालू नयेत, त्यांनीच दाब वाढतो. आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर चाळिशीपासून नियमित तपासणी करावी.

मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम हे एका अर्थी यशाचं मागाहून आलेलं ओझं. 1920 च्या दशकात इन्सुलिन आल्यावर मधुमेही माणसं दीर्घकाळ जगू लागली आणि मग पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होताना दिसू लागल्या. जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी सूर्यग्रहण पाहताना भाजलेला पडदा तपासला होता. त्यावरून प्रकाशानं मुद्दाम डाग देण्याची कल्पना त्यांना सुचली आणि सुरुवातीला त्यांनी गच्चीवर आरशांनी वळवलेलं ऊनच वापरलं. लेसर आला, 1970 च्या दशकातल्या चाचण्यांनी त्याचा फायदा सिद्ध झाला. पडद्यावर बरंच नुकसान होईपर्यंत रुग्णाला स्पष्ट दिसत असतं. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा तो दिसत असतानाच.

‘वयानुसार होणारच’ हे वाक्य सर्वांत जास्त काळ ज्याला चिकटून राहिलं, तो आजार पडद्याच्या मधल्या बिंदूचा, मॅक्युलाचा. 1885 मध्ये ओटो हाब यांनी त्याचं वर्णन केलं आणि पुढची शंभर वर्षं डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. कडेचं दिसत राहतं. वाचायच्या ओळीच्या आणि समोरच्या चेहऱ्याच्या मधोमध मात्र डाग येतो. उपाय आला तो कर्करोगाच्या संशोधनातून. गाठी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, असं 1971 मध्ये जुडा फोकमन यांनी मांडलं. 1989 मध्ये ती वाढ घडवणारं प्रथिन वेगळं करण्यात आलं. आणि 2006 मध्ये त्याला अडवणारं, डोळ्यात टोचायचं रॅनिबिझुमॅब मंजूर झालं. ‘ओल्या’ प्रकारात, जिथे पडद्याखाली अशा वाहिन्या वाढून गळतात, तिथे नजर टिकते, कित्येकदा सुधारते. अट एकच: आठवडे न दवडता जायचं. सरळ रेषा वाकड्या दिसू लागणं ही पहिली खूण. ती दोन्ही डोळ्यांनी पाहून कळत नाही. एक डोळा झाकून दाराची चौकट किंवा चौकड्यांचा कागद पाहावा, मग दुसरा झाकून.

‘कोरड्या’ प्रकाराचं काम अजून अर्धवट आहे. 2001 च्या एका मोठ्या अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांनी मध्यम टप्प्यातल्या रुग्णांत आजार पुढे जाण्याचं प्रमाण घटलं. निरोगी डोळ्यांना त्या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही, आणि धूम्रपान करणाऱ्यांनी किंवा पूर्वी केलेल्यांनी बीटा कॅरोटिन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगारेट सोडणं हा या आजारात आपल्या हातातला सर्वांत मोठा उपाय. 2023 मध्ये अमेरिकेत या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी पहिली दोन इंजेक्शनं मंजूर झाली. त्यांनी पडद्याची झीज मंदावते, गेलेली नजर मात्र परत येत नाही.