माजी विद्यार्थी संघाची नोंदणी: धर्मादाय कार्यालय, ८०जी आणि परदेशातल्या मित्रांच्या देणग्या

बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, दोन-तीन स्नेहमेळावे झालेले असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘शाळेसाठी काहीतरी करूया.’ पैसे कुणाच्या तरी बचत खात्यावर जमायला लागतात. तिथेच थांबा. महाराष्ट्रात धर्मादाय कारणासाठी नोंदणीकृत न्यासाखेरीज (ट्रस्टखेरीज) इतर कुणाला लोकांकडून निधी जमवायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. शिवाय खाजगी खात्यात आलेल्या रकमेचा जाब आयकर खातं त्या खातेदाराला विचारतं.

आधी ठरवा, पावती कुणाच्या नावाची

सगळ्यांनाच संघ नोंदवायची गरज नसते. तुमची शाळा किंवा कॉलेज चालवणाऱ्या शिक्षण संस्थेकडे ८०जी मान्यता (म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असेल आणि तुम्हाला फक्त एक प्रयोगशाळा किंवा शिष्यवृत्ती उभी करायची असेल, तर देणगी थेट संस्थेला द्या. सोबतच्या पत्रात रकमेचा हेतू स्पष्ट लिहा आणि खर्चाचा हिशेब मागा. काम महिन्याभरात उरकतं. संघाची नोंदणी करावी ती पैशांवर आणि कामावर माजी विद्यार्थ्यांचं स्वतःचं नियंत्रण हवं असेल तेव्हा.

कॉलेजांना मात्र नोंदणीची घाई असते, कारण नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली ५.४ हा भाग माजी विद्यार्थ्यांचा आहे. तिथे संघ नोंदणीकृत आहे का आणि त्याने आर्थिक किंवा इतर हातभार काय लावला, हे विचारलं जातं. नॅकची समिती येणार म्हणून घाईघाईत नोंदवलेले आणि समिती गेल्यावर कुलूप लागलेले संघ पुष्कळ आहेत. त्यांचं पुढे काय होतं ते शेवटी पाहू.

पात्रता आणि दुहेरी नोंदणी

संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात. कागदावर सगळी नावं एकाच घरातली नकोत. मंजुरीच्या वेळी आणि पुढे आयकर खात्यातही त्यावर प्रश्न येतो. महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतात. न्यास नोंदणीचा अर्ज म्हणजे परिशिष्ट २. तो कलम १८ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, त्यामुळे संस्थेचं प्रमाणपत्र हातात आल्यावर फाइल बाजूला ठेवू नका. न्यास म्हणून नोंद झाली की ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. पुढे प्रत्येक पावतीवर आणि आवाहनावर तोच छापायचा.

साधारण लागणारी कागदपत्रं अशी:

- विधानपत्र आणि नियमावली, म्हणजेच बोलीभाषेत ‘घटना’
- पहिल्या सभेचा ठराव आणि कार्यकारिणीची यादी: नाव, वय, पत्ता, व्यवसाय, पद, सही
- प्रत्येकाचं संमतिपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- कागदपत्रं दाखल करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र आणि प्रतिज्ञापत्र
- कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना हरकत पत्र, सोबत वीजबिल किंवा घरपट्टीची पावती
- शाळा-कॉलेजचं नाव वापरायचं असेल तर त्यांचं ना हरकत पत्र

शेवटचं पत्र बरेच जण विसरतात. कार्यालयाचा पत्ता कॉलेजचाच देणार असाल तर दोन्ही पत्रं प्राचार्यांकडून एकदमच घ्या. प्राचार्य बदलले की तीच सही मिळवायला पुन्हा सहा महिने हेलपाटे पडतात. नावाचे दोन-तीन पर्याय तयार ठेवा, कारण तेच किंवा मिळतंजुळतं नाव आधी नोंदलेलं असेल तर तुमचं नाव मंजूर होत नाही.

उद्देशांचं कलम: इथे वेळ घालवा

इंटरनेटवरून उतरवलेल्या घटनेत पहिलाच उद्देश असतो ‘सभासदांमध्ये स्नेहभाव वाढवणे’. दुसरा असतो ‘सभासदांच्या कल्याणासाठी उपक्रम राबवणे’. धर्मादाय कार्यालयात हे कदाचित चालून जाईल, पण आयकर खात्यात अडकेल. करसवलत मिळते ती शिक्षण, गरिबांना मदत, वैद्यकीय मदत, सार्वजनिक उपयोगाचं काम अशा उद्देशांना. सभासदांनी सभासदांसाठी चालवलेली संस्था म्हणजे क्लब, आणि क्लबला ८०जी नाही.

म्हणून मुख्य उद्देश शिक्षणाचे लिहा: गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, ग्रंथालय, प्रयोगशाळा, व्यवसाय मार्गदर्शन. लाभार्थी जात, धर्म किंवा सभासदत्वावर ठरणार नाहीत, हे शब्दांत असू द्या. स्नेहमेळावा त्या कामाला पूरक म्हणून खाली येऊ द्या. याच वेळी दोन कलमं आणखी तपासा. संस्था बंद झाल्यास उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली न जाता तत्सम उद्देशाच्या संस्थेला जाईल, हे एक. कार्यकारिणीची मुदत आणि निवडणुकीची पद्धत, हे दुसरं. घटना नंतर दुरुस्त करता येते, पण त्यासाठी सभा, ठराव आणि पुन्हा मंजुरी असा सगळा व्याप करावा लागतो.

१२एबी आणि ८०जी

१२एबी ही संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर करसवलत देणारी मान्यता, ८०जी देणगीदारासाठीची. न्यासाच्या नावाचं पॅन आणि बँक खातं झालं की आयकर पोर्टलवर दोन्ही मान्यतांसाठी अर्ज करायचा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ८०जी तिथे कलम १३३ झालं आहे. पण सीएंच्या तोंडी जुनीच नावं आहेत, म्हणून इथेही तीच वापरतो. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा ही मुदत संपायच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल त्या वेळी नियमित मान्यतेचा अर्ज करावा लागतो. बहुतेक संघ इथेच चुकतात. तीन वर्षं हातात आहेत असं त्यांना वाटत राहतं.

देणगीदारांना पुढील गोष्टी आधीच सांगा:

- रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर वजावट नाही.
- साधारणतः रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत.
- नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळत नाही.

सभासद वर्गणी आणि स्नेहमेळाव्याच्या जेवणाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे. त्यांची पावती वेगळ्या पुस्तकातून फाडा. वर्षभराच्या देणग्यांचं १०बीडी म्हणून ओळखलं जाणारं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. त्या विवरणात देणगीदाराचं नाव आणि पॅन लागतं, म्हणून ‘एक हितचिंतक’ अशी नोंद कामाची नाही.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांकडून ‘माजी विद्यार्थी संघासाठी’ म्हणून घेतलेली रक्कमही देणगी नव्हे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि पावतीवर संघाचं नाव आलं म्हणून ती बंदी टळत नाही. संस्थेने तशी गळ घातली तर कार्यकारिणीने लेखी नकार द्यावा.

परदेशातले माजी विद्यार्थी

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पैसे डॉलरमध्ये आले की रुपयांत, यावर काही ठरत नाही. देणाऱ्याचं नागरिकत्व कोणतं, यावर ठरतं. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ती परदेशी देणगी नव्हे. अमेरिकन पासपोर्ट घेतलेली, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलेली मैत्रीण पुण्यातल्या खात्यातून रुपयांत देत असली, तरी कायद्याने ती परदेशी स्रोत ठरते. म्हणून परदेशी राहणाऱ्या प्रत्येकाकडून रक्कम घेण्याआधी पासपोर्टची प्रत आणि साधं घोषणापत्र घ्या.

परदेशी देणगी घ्यायला परकीय अंशदान कायदा २०१० खाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत. नव्या संघाला एका ठराविक देणगीदाराकडून ठराविक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचं हमीपत्र आणि कामाचा आराखडा लागतो. दोन्ही प्रकारांत पैसे भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवेत. शिक्षण संस्थेकडे ही नोंदणी असेल तर परदेशी नागरिकांनी तिलाच द्यावं, हे उत्तम. मात्र ती रक्कम संस्थेने पुढे संघाकडे वळवायची नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीने अशा हस्तांतरावर बंदी आली आहे.

यादी आणि आवाहन

कॉलेजच्या जुन्या रजिस्टरमधले फोन नंबर उतरवून सरसकट मेसेज पाठवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोख संमतीवर आहे. एक छोटा फॉर्म करा, त्यात माहिती कशासाठी वापरणार ते लिहा आणि ‘मला संपर्क नको’ हा पर्याय ठेवा. आवाहनात नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जी क्रमांक आणि फक्त संघाच्या खात्याचा क्यूआर कोड द्यावा, खजिनदाराचा नव्हे.

नोंदणीनंतर

दरवर्षी ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात, वर्षभर एक रुपयाही हलला नसला तरी. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. कुलूप लागलेल्या संघांचं घोडं अडतं ते इथेच. दहा वर्षांनी नवी बॅच उत्साहाने येते, तेव्हा सरकारदरबारी पदाधिकारी म्हणून पहिलीच सात नावं असतात, त्यांतले दोघे हयात नसतात आणि बँक खात्यावरच्या सह्या बदलून देत नाही. आधीच्या प्रत्येक कार्यकारिणीचा बदल अर्ज क्रमाने मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी त्या त्या वर्षीच्या सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त लागतं. इतिवृत्ताची वही कुणाच्या घरी आहे, हे निदान दोन पदाधिकाऱ्यांना ठाऊक असू द्या.