पन्नास टक्क्यांचा घोळ: महागाई भत्त्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात धान्य कडाडलं, तेव्हा मूळ पगाराला हात न लावता वरून भत्ता देण्याची रीत रुळली. भाव उतरले की तो काढून घेता येईल, हा हिशेब. भाव काही उतरले नाहीत. जळगावच्या गिरणी कामगारांच्या राहणीखर्चाचा तेव्हा वेगळा निर्देशांक, म्हणजे भाव किती चढले ते दाखवणारा आकडा, निघे. त्याचा पाया ऑगस्ट १९३९, युद्ध पेटण्याच्या आदल्या महिन्याचा.

मधले वेतन आयोग सोडून देऊ. भुसावळच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर आजही वाद होतो तो एकाच शब्दावर: विलीनीकरण, म्हणजे महागाई भत्ता (डीए) मूळ पगारात (बेसिकमध्ये) मिळवणं. जानेवारी २०२४ पासून केंद्राचा भत्ता ५० टक्के झाला आणि 'आता डीए बेसिकमध्ये जाणार, पुन्हा शून्यापासून मोजणार' ही बातमी मोबाईलमोबाईलवर फिरली. तिचं मूळ १ एप्रिल २००४ मध्ये आहे. तेव्हा ५० टक्के भत्त्याचं 'महागाई वेतन' केलं गेलं. म्हणजे ८,००० बेसिक असेल, तर घरभाडं, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तीवेतन १२,००० वर धरायचं. पण पगारपत्रकात बेसिक ८,०००च राहिलं, वेतनश्रेणी बदलली नाही, वार्षिक वाढही जुन्याच आकड्यावर. थोडक्यात, ज्याला आपण विलीनीकरण म्हणतो ते तेव्हासुद्धा अर्धंच झालं होतं. आणि तीही पाचव्या आयोगाच्या काळातली सोय. पुढच्या दोन आयोगांच्या काळात ती आलीच नाही. २०२४ ला प्रत्यक्षात वाढलं ते घरभाडं, भुसावळसारख्या गावात ९ चं १० टक्के, आणि ग्रॅच्युइटीची मर्यादा २० लाखांवरून २५ लाख. तरी 'कितला वाढना?' विचारणाऱ्याला अजून शून्यापासून मोजण्याचीच आशा असते.

कोरोनात भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ ला भत्ता १७ वरून थेट २८ टक्के केला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. महागाई मात्र गोठली नव्हती.

हा सगळा वाद अर्थात ज्यांना भत्ता मिळतो त्यांचा. धुळे-अमळनेरकडच्या गिरण्यांतून उतरलेल्या, भविष्य निधीच्या १९९५ च्या योजनेतल्या म्हाताऱ्यांचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ ला १,००० रुपये ठरलं. त्याला कुठलाच निर्देशांक जोडलेला नाही.