एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच का?

फिरत राहणारा समज असा : रक्तात एएनए (अँटीन्यूक्लिअर अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं, की ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, झालाच.

रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ दिसल्यावर धसका बसणं साहजिक आहे. पण ही चाचणी एवढंच सांगते, की आपल्याच पेशींच्या केंद्रकावर रोख असलेल्या अँटीबॉडी रक्तात सापडल्या. त्या निरोगी माणसांतही असतात. म्हणून आधी टायटर पाहा. रक्तद्रव पातळ करत गेल्यावर अँटीबॉडी कुठवर दिसत राहतात, त्याचा हा आकडा. १:४० ला साधारण चारातला एक निरोगी माणूस पॉझिटिव्ह निघतो, १:१६० ला विसातला एक. वाढतं वय, थायरॉइडचा आजार, संसर्ग किंवा काही औषधं यांमुळेही असं होतं.

समजाचं मूळ वेगळंच आहे. ल्युपसच्या जवळपास सगळ्या रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असतं, हे खरं. पण ते उलटं वाचलं, की चुकतं. खरं तर या चाचणीचा निगेटिव्ह निकालच जास्त बोलका : तो आला तर ल्युपसची शक्यता फार कमी.

निदानासाठी डॉक्टर आधी लक्षणं बघतात : सुजलेले सांधे, उन्हाने उठणारं पुरळ, तोंडातले व्रण. मग लघवीतलं प्रथिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सी३-सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) आणि ल्युपसकडे जास्त नेमका इशारा करणाऱ्या अँटीबॉडी : अँटी-डीएसडीएनए, अँटी-एसएम. यातलं काहीच नसेल, तर नुसता कमी टायटर बहुधा नोंदवून ठेवण्यापुरता. दर महिन्याला एएनए पुन्हा करण्यात मात्र पैसेच जातात. आजाराचा चढउतार त्यातून कळत नाही.