पोर्तुगालला नेमकं कधी जावं?

पोर्तुगालची चौकशी करायला येणारे बहुतेक जण आधी खर्च विचारतात, आणि तारखेचं "मुलांना सुट्टी लागली की बघू" एवढ्यावर राहतं. आमचं सांगणं उलट आहे. आधी महिना ठरवा, कारण या देशात महिना चुकला तर पैसे पूर्ण जातात आणि सहल अर्धीच होते.

पहिली गोष्ट, तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो. उन्हाळ्यात अझोरेस बेटांजवळ हवेच्या जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो आणि अटलांटिकवरून येणारी वादळं उत्तरेकडे वळवतो, त्यामुळे जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे जातात. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेला सरकला की पावसाला वाट मोकळी होते. पोर्तो आणि उत्तरेकडच्या भागात लिस्बनपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो, तर दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर सगळ्यात कमी.

आमची पहिली पसंती मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा पहिला आठवडा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे तोवर घरी परतता येतं. लिस्बनमध्ये दुपारचं तापमान साधारण २२ ते २५ अंश असतं आणि सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दुपारी हॉटेलवर आराम करून साडेपाचला बाहेर पडलात तरी फिरायला तीन तास उजेड हाताशी असतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर या तीन तासांचं मोल फार. याच दिवसांत लिस्बनचे नीलमोहर फुलतात. कार्मो चौकात, जिथे १९७४ च्या क्रांतीत हुकूमशाही सरकारने शरणागती पत्करली, तिथे जांभळ्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि बाकावर बसलं की दोन मिनिटांत खांद्यावरही फुलं येतात.

मे महिन्यात एक तारीख मात्र सांभाळा. १३ मे १९१७ रोजी फातिमा इथे तीन मुलांना मरियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे १३ मे आणि १३ ऑक्टोबरला तिथे प्रचंड यात्रा भरते. वसई आणि गोव्यातल्या ज्या भाविकांना यात्रेसाठीच जायचं आहे, त्यांनी खोल्या फार आधी घ्याव्यात. इतरांनी फातिमाची भेट चार दिवस मागेपुढे करावी.

जूनमध्ये थोडं जास्त थांबता येत असेल तर १२ जूनची रात्र लिस्बनमध्ये काढा. संत अंतोनिओच्या सणाची ती रात्र. अल्फामा या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत घरोघरी दारासमोर निखाऱ्यांवर तारली मासे भाजतात, आणि तुळशीच्या जातकुळीतल्या मांजेरिकोच्या छोट्या कुंड्या, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचून, प्रेमाने भेट दिल्या जातात. शाकाहारी कुटुंबांनी लक्षात घ्यावं, त्या रात्री संपूर्ण वस्तीत माशांचा धूर असतो.

जुलै-ऑगस्ट आम्ही शक्यतो सुचवत नाही. किनाऱ्यावर ठीक असतं, पण आतल्या भागात ऊन सोसत नाही. दोउरू खोऱ्यातल्या पिन्यांव गावी जुलै २०२२ मध्ये ४७ अंश तापमान नोंदलं गेलं. जंगलांना वणवे लागतात, रस्ते बंद होतात. शिवाय गणपतीत चाकरमानी कोकणात येतात तसे ऑगस्टमध्ये फ्रान्स-स्वित्झर्लंडला स्थायिक झालेले पोर्तुगीज गावी येतात. हॉटेलं महागतात, आणि लिस्बनमधली कित्येक छोटी घरगुती खानावळीवजा हॉटेलं मालकच सुट्टीवर गेल्याने बंद असतात. समुद्रात डुंबायला म्हणून जाणाऱ्यांनाही सांगतो, पश्चिम किनाऱ्याचं पाणी ऐन ऑगस्टमध्येही गारच असतं. उत्तरेच्या वाऱ्याने वरचं पाणी लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. पोहायचंच असेल तर आल्गार्व्ह, आणि तेही सप्टेंबरात.

सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य ही दुसरी उत्तम वेळ. ज्यांना शाळेचं बंधन नाही, त्यांना आम्ही हीच आधी सुचवतो. दोउरूच्या डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या मळ्यांत द्राक्षतोडणी चालू असते. आपल्या नाशिकच्या बागायतदारांनी तर हे जरूर पाहावं.

दिवाळीच्या सुट्टीत जाता येतं, पण ऑक्टोबरअखेर पाऊस सुरू झालेला असू शकतो. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान पांढऱ्या खड्यांचे आहेत. वर्षानुवर्षं पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत आणि शिंतोडा पडला तरी पाय सरकतो. चांगल्या रबरी तळाचे बूट हवेतच. नाझारे या किनाऱ्यावरच्या गावच्या प्रचंड लाटांचा हंगाम याच सुमारास सुरू होतो. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तिथल्या २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार होऊन जर्मन सर्फर सेबास्टियन स्टॉयटनरने जागतिक विक्रम केला. अशी लाट तुमच्या तारखेला येईलच, असं वचन मात्र आम्ही कुणालाही देत नाही.

डिसेंबर-जानेवारीत स्वस्त पडतं हे खरं. पण सव्वापाचला सूर्यास्त होतो, आणि जुन्या इमारतींतल्या खोल्या आतून गारठलेल्या असतात. या दिवसांत जायचंच असेल तर खोलीत हीटर आहे ना, हे विचारूनच बुकिंग करा. जानेवारीअखेरपासून आल्गार्व्हमध्ये बदामाची झाडं फुलतात, तेवढ्यासाठी जाणारेही आहेत.

पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच कागदपत्रं घेऊन या, कारण मार्चनंतर व्हिसा केंद्रात भेटीची वेळ मिळणं अवघड होतं. ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच. येताना बरोबर कोण आहे, त्यांची वयं काय, चढउतार किती झेपेल आणि जेवणाचं पथ्य काय, हे लिहून आणा. लिस्बन आणि पोर्तो दोन्ही चढणीची शहरं आहेत, त्यामुळे रोजचा कार्यक्रम आम्ही त्यावरूनच आखतो.