लष्करभरतीतील दृष्टीचे निकष आणि लेझर नेत्रशस्त्रक्रिया

सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्याची नजर किती चांगली हवी, चष्म्याचा किती नंबर चालेल, रंग ओळखता येणे किती गरजेचे आहे आणि नंबर घालवण्यासाठी डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली असेल तर उमेदवाराला घ्यायचे की नाही, हे ठरवणारे वैद्यकीय नियम. जवळपास प्रत्येक देशाच्या सेनादलांत असे नियम आहेत. आकडे वेगळे असले तरी त्यामागचा विचार बराचसा एकच आहे. ‘नंबर गेला म्हणजे अडसर गेला’ अशा समजुतीने उमेदवार येतो. वैद्यकीय मंडळाला मात्र नंबर जाण्याआधी डोळा कसा होता आणि तो घालवताना डोळ्यातले काय खर्ची पडले, हे जाणून घ्यायचे असते. लेझरनंतर अगदी स्पष्ट दिसणारे कितीतरी तरुण अपात्र ठरतात ते यामुळेच.

नजरेची मोजणी

नजर मोजण्याची रूढ पद्धत डच नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या अक्षरतक्त्यावर आधारलेली आहे. सामान्य डोळा जे अक्षर ६ मीटरवरून वाचतो तेच उमेदवारानेही ६ मीटरवरून वाचले तर ६/६. सामान्य डोळ्याला १२ मीटरवरून दिसणाऱ्या अक्षरासाठी उमेदवाराला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागत असेल तर ६/१२. अमेरिकेत हेच अंतर फुटांत मोजतात, म्हणून तिथे २०/२० म्हणतात. ६/६ च्या ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते, तर सर्वांत वरचे ६/६० चे अक्षर त्याच्या दहापट.

भरतीच्या वेळी हे मोजमाप दोनदा होते, चष्म्याविना आणि चष्म्यासह. बहुतेक निकषांत दोन्हींसाठी वेगळी मर्यादा असते आणि नंबरावरही स्वतंत्र मर्यादा असते. तरुण डोळा स्नायू ताणून थोडा प्लस नंबर लपवू शकतो, म्हणून नेमका नंबर काढण्यासाठी औषधाचे थेंब घालून तो ताण काढून टाकतात. तिरळेपणा आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतराचा अंदाज घेण्याची क्षमता यांचीही तपासणी होते. वैमानिकांच्या बाबतीत ती फार काटेकोर असते.

निकष सैनिकाचे म्हणून एकच नसतात, ते कामाचे असतात. लढाऊ विमानाचा वैमानिक, पाणबुडीवरचा नौसैनिक, पायदळाचा जवान आणि लष्करी डॉक्टर यांच्यासाठी चार वेगळ्या पट्ट्या लावल्या जातात. त्यामुळे ‘सैन्यात किती नंबर चालतो?’ या प्रश्नाला, कोणत्या शाखेत आणि कोणत्या प्रवेशमार्गाने हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

रंगदृष्टीचा भाग यात वेगळा पडतो, कारण लेझरने ती सुधारत नाही. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या गुंड्यांनी कर्मचाऱ्यांची तपासणी सुरू केली आणि रंगांधत्व हा सुरक्षेचा प्रश्न झाला. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या तक्त्यांचे जनक शिनोबू इशिहारा हे जपानी सैन्यातले डॉक्टर होते, आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यांचा उगमही सैनिकांच्या तपासणीतच आहे. हे तक्ते पाठ करून येणारे असतात. म्हणून पुढच्या पायरीला अंधाऱ्या खोलीत ठरावीक अंतरावरून कंदिलाचे बारीक लाल, हिरवे आणि पांढरे दिवे ओळखायला लावतात. तिथे पाठांतर कामी येत नाही.

चष्म्याची अडचण

सुधारलेली दृष्टी चालत असेल तर चष्मा का नको, हा प्रश्न रास्त आहे, आणि अनेक शाखांत चष्मा चालतोही. अडचण येते ती उपकरणांशी. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट चिकटावा लागतो. चष्म्याच्या दांड्या कानाकडे जाताना तिथे फट ठेवतात आणि वायू तेवढ्या फटीतून आत शिरतो. त्यासाठी मुखवट्याच्या आत वेगळ्या भिंगांची चौकट बसवावी लागते. रात्री पाहण्याच्या दुर्बिणी आणि हेल्मेटला जोडलेली दर्शक उपकरणे चष्म्यासोबत नीट बसत नाहीत. घामाने चष्मा घसरतो, दमट हवेत धुके धरतो आणि मोक्याच्या वेळी फुटतो. कॉन्टॅक्ट लेन्सला स्वच्छ हात आणि स्वच्छ पाणी लागते. धुळीत, खंदकात, अनेक दिवस आंघोळीविना राहणाऱ्या सैनिकाच्या डोळ्यात ती जंतुसंसर्गाला आमंत्रणच ठरते. त्यामुळे नंबर कायमचा घालवणारी शस्त्रक्रिया आली तेव्हा सेनादलांनी तिच्याकडे संशयाने पाहिले तसेच आशेनेही.

कापण्यापासून कोरण्यापर्यंत

पहिली मोठी लाट रेडियल केराटॉटॉमीची, म्हणजे आरकेची. मॉस्कोचे नेत्रशल्यविशारद स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात ती रूढ केली. यात कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, मध्याच्या भोवती किरणांसारखे खोल छेद घेऊन तो चपटा केला जाई. नंबर जायचा, पण कॉर्निया कायमचा कमकुवत व्हायचा. उंचावर गेल्यावर त्याचे आणखी एक रूप दिसे. विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडला की छेदांच्या भागात सूज येते, मधला भाग आणखी चपटा होतो आणि नजर प्लस नंबराकडे सरकते. आरके झालेले अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स यांना १९९६ च्या एव्हरेस्ट मोहिमेत वर चढताना दिसेनासे झाले, ते याच कारणाने. हे लक्षात घेतले तर आरके झालेल्यांना बहुतेक सेनादले आजही का घेत नाहीत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लेझरची वाट नेत्रवैद्यकाबाहेरून आली. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स वाइन यांना १९८१ मध्ये असे आढळले की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेझर जैविक ऊतक भाजत नाही. तो एकेक सूक्ष्म थर स्वच्छ उडवतो. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्याबरोबर कॉर्नियावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून फोटोरिफ्रॅक्टिव्ह केरेटेक्टॉमी (पीआरके) उभी राहिली. यात कॉर्नियाची बाहेरची पातळ त्वचा काढून खालच्या थरावर लेझर चालवतात आणि ती त्वचा काही दिवसांत पुन्हा वाढते. ते दिवस दुखरे असतात, नजर स्थिरावायला आठवडे लागतात आणि क्वचित कॉर्नियावर धूसरपणा येतो.

लॅसिक १९९० च्या सुमारास क्रीटमधील इओआनिस पालिकारिस यांच्या कामातून पुढे आली. यात कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, खाली लेझर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुखणे जवळपास नाही आणि दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागते. बाजारात लॅसिक जिंकली ती त्यामुळे. लष्कराला मात्र पापुद्र्याचीच धास्ती होती. तो कडेने जुळतो, पण आतून पहिल्यासारखा कधीच एकजीव होत नाही. डोळ्याला जोरदार मार बसल्यावर शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही तो सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. हातघाईच्या लढाईत, पॅराशूट उघडताना किंवा विमानातून आसनासह बाहेर फेकले जाताना काय होईल, हा प्रश्न खुर्चीत बसून काम करणाऱ्या रुग्णाला पडत नाही. अलीकडच्या स्माइल पद्धतीत पापुद्रा नसतो. कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराचा तुकडा फेम्टोसेकंद लेझरने सुटा करून काही मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात.

सेनादलांचे मन वळवण्यात अमेरिकी नौदलाचा वाटा मोठा होता. पूर्वी एफ-१४ विमान चालवलेले नेत्रशल्यविशारद स्टीव्हन शॅलहॉर्न यांनी सॅन डिएगोच्या नौदल रुग्णालयात १९९० च्या दशकात सेवेतल्या सैनिकांवर पीआरकेचा अभ्यास सुरू केला. सरळ तक्ता वाचून घेण्यावर न थांबता रात्रीची नजर, फिकट-गडद छटांतला मंद फरक ओळखण्याची क्षमता आणि दिव्यांभोवती दिसणारी वलये हेही त्यांनी मोजले. लष्करी दृष्टीने खरी मेख इथेच होती. ६/६ वाचणाऱ्या माणसालाही अंधारात बाहुली मोठी झाल्यावर लेझरने न कोरलेल्या कडेतून विखुरलेला प्रकाश त्रास देऊ शकतो. पुढे लेझरचे क्षेत्र मोठे झाले, प्रत्येक डोळ्याच्या बारीक दोषांप्रमाणे कोरणे शक्य झाले आणि ही तक्रार कमी झाली. अमेरिकी हवाई दलाने २००७ मध्ये वैमानिकांसाठी लॅसिकवरची बंधने सैल केली. त्याच वर्षी नासानेही अंतराळवीरांना पीआरके आणि लॅसिक मान्य केले. शस्त्रक्रियेला वर्ष झालेले असावे आणि दुष्परिणाम नसावेत, एवढी अट ठेवली.

मायक्रॉनचा हिशेब

नंबर घालवणे म्हणजे कॉर्निया झिजवणे. कॉर्नियाची मध्यावरची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. सहा मिलिमीटर रुंद भागावर काम करताना मायनसच्या दर डायॉप्टरमागे, म्हणजे चष्म्याच्या दर एका नंबरामागे, सुमारे १२ मायक्रॉन उडतात. यंत्रानुसार थोडे जास्तही. उणे पाच नंबरासाठी ६० मायक्रॉन गेले. आता दोन उमेदवार घेऊ. एकाचा कॉर्निया ५४० मायक्रॉन, दुसऱ्याचा ५००. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याकडे ४८० उरले, दुसऱ्याकडे ४४०. दोघेही चष्म्याविना ६/६ वाचतात. दुसऱ्याच्या सर्जनने काही गैर केलेले नाही. ११० मायक्रॉनचा पापुद्रा वजा केला तरी खाली ३३० मायक्रॉन उरतात आणि नागरी जीवनासाठी तेवढे पुरेसे मानले जाते. पण भारतीय सेनादलांच्या निकषांत शस्त्रक्रियेनंतर किमान ४५० मायक्रॉन जाडी मागितली जाते. पहिला पुढे जातो, दुसरा तिथेच थांबतो. हा निकाल उमेदवाराला जाचक वाटतो आणि त्याला तो आधी कोणी सांगितलेला नसतो हे खरेच. तरी तर्क सरळ आहे. फार पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगू शकतो, त्याला एक्टेझिया म्हणतात, आणि लष्कराला या डोळ्याकडून पुढची पंधरा-वीस वर्षे काम घ्यायचे असते.

दुसरा हिशेब डोळ्याच्या लांबीचा. प्रौढ डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबर बहुतांशी ही लांबी वाढल्याने येतो. एक मिलिमीटर जास्त म्हणजे अंदाजे अडीच ते तीन डायॉप्टर. लेझर पुढचा कॉर्निया चपटा करून नंबर शून्यावर आणतो, पण लांब झालेला डोळा लांबच राहतो. त्यात मागचा पडदा ताणलेला, कडेला विरळ झालेला असतो आणि तो सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेपूर्वी होता तितकाच नंतरही राहतो. म्हणून भारतीय सेनादलांत डोळ्याच्या लांबीवरही मर्यादा आहे, साधारण २६ मिलिमीटरची, आणि हवाई दलात त्याहूनही थोडी कमी. तिथे शस्त्रक्रियेपूर्वी सहा डायॉप्टरहून जास्त नंबर असलेल्यांना वगळले जाते. शस्त्रक्रिया विसाव्या वर्षानंतर झालेली असावी आणि त्याला बारा महिने झालेले असावेत, असेही बंधन असते. विशीपर्यंत मायनस नंबर वाढत राहतो. त्याआधी केलेली शस्त्रक्रिया वाढत्या नंबराच्या मागे राहते. शाळा संपताच ज्या प्रवेशमार्गाने जायचे असते, त्यात लेझरचा पर्याय या वयाच्या अटीमुळेच बाद होतो.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे सर्वसाधारण भरतीचे नियम त्यामानाने सैल आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर अधिक किंवा उणे आठपर्यंत, सिलिंड्रिकल नंबर तीनपर्यंत आणि शस्त्रक्रियेला १८० दिवस पूर्ण. मात्र किमान महिन्याच्या अंतराने दोनदा नंबर तपासून त्यात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त फरक नाही, हे दाखवावे लागते. वैमानिकांसाठीचे नियम तिथेही वेगळे आणि कडक आहेत. डोळ्याच्या आत भिंग बसवण्याच्या शस्त्रक्रियेला कॉर्नियावरच्या लेझरइतकी सहज मान्यता बहुतेक ठिकाणी नाही. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स कॉर्निया तात्पुरता चपटा करतात, पण त्या बंद केल्यावर काही दिवसांत नंबर परत येतो. तपासणीपूर्वी लेन्स ठरावीक काळ बंद ठेवायला सांगतात ते त्याचसाठी.

लपवलेली शस्त्रक्रिया

नियम माहीत असलेले काही जण शस्त्रक्रिया झाल्याचे सांगतच नाहीत. हे फार काळ टिकत नाही. लॅसिकच्या पापुद्र्याची कड स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, प्रकाशात बारीक गोलाकार रेषेसारखी दिसते. पीआरके आणि स्माइलच्या खुणा शोधायला कठीण असल्या, तरी कॉर्नियाच्या रंगीत नकाशावर मध्यभागाची वक्रता अस्वाभाविक कमी उमटते, आणि जन्मतः असा कॉर्निया क्वचितच असतो. त्यातून सुटले तर लांबी मोजतात. साडेपंचवीस मिलिमीटर लांब डोळा आणि नंबर शून्य, हे गणित जुळत नाही. गेलेला नंबर कुठे गेला, एवढेच विचारायचे उरते. अशा वेळी अपात्रतेचे कारण डोळा राहत नाही, खोटी माहिती देणे हे होते, आणि त्यावर सहसा सूट मिळत नाही.

उघडपणे सांगणाऱ्यांना मात्र कागद जपून ठेवावे लागतात. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, तिची तारीख आणि प्रकार, आधीची कॉर्नियाची जाडी आणि नकाशा मंडळ मागते. पुष्कळ नेत्रालयांत ही नोंद काही वर्षांनी सापडत नाही आणि उमेदवाराकडे फक्त पावती असते. मग जुना नंबर किती होता हे डोळ्याच्या लांबीवरून आणि कॉर्नियाच्या आजच्या वक्रतेवरून मागे जाऊन काढतात. त्या अंदाजात काठावर असलेल्या डोळ्याला संशयाचा फायदा मिळेलच, असे नाही.