उचल घेतली म्हणून काम सोडता येत नाही?

'हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराकडून उचल घेतली, तर ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, सोडलं तर पोलीस केस होते' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलं आहे. ते खरं वाटणं साहजिक आहे. घेतलेले पैसे परत करायचे असतात, हे सगळ्यांनाच पटतं.

पण पैशाचं देणं वेगळं आणि माणूस अडकवणं वेगळं. साधी उचल बाकी असेल तर पैसे देणारा कंत्राटदार दिवाणी दावा लावू शकतो, कामगाराला डांबू शकत नाही. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याची मोकळीक काढून घेतली, तर ती वेठबिगारी. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तसं कर्जच रद्द होतं आणि अडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सक्तीच्या मजुरीला बंदी घालणारं संविधानाचं कलम 23 तर आधीपासून आहेच. दिल्लीतल्या एशियाड स्पर्धेच्या बांधकामावरच्या मजुरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिलेल्या निकालाने किमान वेतनापेक्षा कमी पगारात राबवून घेणंही सक्तीची मजुरी ठरवलं.

पडताळा कसा घ्यायचा? मूळ कायद्यातली कलमं 2, 4 आणि 6 वाचा. मग आपल्या सोसायटीत जिने पुसणाऱ्या ताईंशी सुपरवायझर नसताना बोला. एटीएम कार्ड कुणाकडे असतं? आधारची मूळ प्रत कुणी ठेवून घेतली आहे? गणवेशाचे, फिनेलचे पैसे पगारातून कापतात का? कार्ड दुसऱ्याच्या खिशात असेल, तर पगार खात्यावर जमा होतो या कागदाला माझ्या मते काहीच किंमत नाही.

तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयात करता येते.