जाहिरातीच्या रीलवर आम्ही सिनेमाचं गाणं का लावत नाही?
(आमच्या स्टुडिओच्या ग्राहकांसाठी)

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या नागपुरातल्या इतवारीतले कापडवाले, धरमपेठेतले क्लासवाले, वर्धा रोडवरचे लग्नाचे लॉनवाले रील करून घ्यायला येतात. मागणी बहुधा एकच असते: "ते ट्रेंडिंगमधलं गाणं लावा ना, पंधरा सेकंद तर लावायचं आहे!" आम्ही नाही म्हणतो. आपण नाराज होता, म्हणून कारण नीट सांगतो.

पंधरा सेकंदांची सूट कायद्यात कुठेच नाही. 'श्रेय मूळ कलाकारांना' असं खाली लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. इन्स्टाग्रामच्या यादीत गाणं दिसतं खरं, पण ती गाणी खासगी वापरासाठी आहेत, दुकानाच्या जाहिरातीसाठी नाहीत.

अमेरिकेतलं एक प्रकरण बघा. इंटरनेटवर गाणी शेअर केली म्हणून संगीत कंपन्यांनी मिनेसोटातल्या एका महिलेवर दावा लावला. प्रश्न फक्त २४ गाण्यांचा होता. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलर भरपाई ठरवली, २००९ च्या फेरसुनावणीत तीच १९,२०,००० वर गेली. न्यायाधीशांनी ती ५४,००० पर्यंत खाली आणली, पण २०१२ मध्ये अपील न्यायालयाने २,२२,००० पुन्हा कायम केली. गाण्यामागे ९,२५० डॉलर! त्या काळी एक गाणं ९९ सेंटला विकत मिळत होतं. एवढा आकडा होतो कसा? तिथे कंपनीला प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावं लागत नाही. एका कलाकृतीमागे (इथे एका गाण्यामागे) ७५० ते ३०,००० डॉलर, आणि मुद्दाम केलं असेल तर १,५०,००० पर्यंत, असा दर कायद्यातच आहे.

आपल्याकडे असा ठरलेला दर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मनाई हुकूम, नुकसानभरपाई, कमावलेल्या नफ्याचा हिशेब अशी तरतूद आहे. मात्र कलम ६३ कडक आहे: जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. दुकानाची जाहिरात त्या सवलतीत कशी बसणार? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही.

वरातीत गाणं वाजवायला कायद्याने सूट आहे. तेच गाणं लॉनच्या जाहिरातीत घालायला नाही.

"मग भजन लावा" असंही सुचवलं जातं. तुकोबांचे अभंग कुणीही गावेत, पण एखाद्या गायकाचं रेकॉर्डिंग उचलता येत नाही. आणि आपल्या विदर्भाच्या तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्या हिशेबाने त्यांच्या रचना २०२८ अखेरपर्यंत परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत.

आमचा आग्रह एकच: नागपुरातल्याच एखाद्या संगीतकाराकडून स्वतःची छोटी धून करून घ्या. ती कायम आपली ओळख होते आणि पैसाही गावातल्याच कलावंताला मिळतो. फक्त करार लेखी आणि सहीचा हवा. नुसते पैसे दिले म्हणून हक्क आपला होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. रील तर दुबईतही दिसते, म्हणून 'संपूर्ण जग' असं स्पष्ट लिहून घ्या.

एखाद्या गाण्याची परवानगी आपल्याकडे आधीच असेल, तर ऑर्डर देताना त्या पत्राची प्रत सोबत आणा. आम्ही वाचून घेऊ आणि तेच गाणं आनंदाने लावू.